नव्या बाँडच्या हाती सिगरेट देऊ नका

जेम्स बाँडचा पुढचा चित्रपट डेनी व्हिलनव्ह दिग्दर्शित करणार आणि पटकथा स्टीव्हन नाइट लिहिणार, हे २०२५च्या जून-जुलैत जाहीर झालं. बाँडवेड्यांमध्ये चर्चा सुरू झाली ती नवा नट कोण याची. मला वेगळीच धास्ती वाटली. नाइट हे ‘पीकी ब्लाइंडर्स’चे कर्ते. त्या मालिकेतला टॉमी शेल्बी सिगरेट आधी ओठांवरून फिरवतो आणि मग पेटवतो. सहा पर्वं त्याचं हे चालू होतं. नट किलियन मर्फी चित्रीकरणात तंबाखू नसलेल्या, वनस्पतींच्या सिगरेटी ओढायचा. पण पाहणाऱ्याला त्याचं काय? माझ्या भाच्याच्या मोबाइलवर टॉमीचंच चित्र आहे, धुरासकट.

नाइट उत्तम लेखक आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांचा बाँड आजच्या काळातला असेल, तर त्याने सिगरेट ओढू नये. हे मी बाँडची चाहती म्हणून म्हणते आहे आणि माझ्या कामामुळेही.

आधी चाहती म्हणून. १९६२च्या ‘डॉ. नो’मध्ये बाँड पहिल्यांदा पडद्यावर येतो तो लंडनच्या जुगारगृहात, पत्त्यांच्या टेबलाशी. आधी दिसतात नुसते हात. समोरची बाई नाव विचारते, तेव्हा कुठे कॅमेरा शॉन कॉनरीच्या चेहऱ्यावर येतो. ओठांत सिगरेट, हातात लायटर. तो सिगरेट पेटवतो आणि पेटवता पेटवता स्वतःचं नाव सांगतो. गेल्या साठ वर्षांत गुप्तहेर म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते या काही सेकंदांत तयार झालं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये हेर एकमेकांना ओळखतात ते काडेपेटी आणि लायटरच्या सांकेतिक संभाषणावरून. १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये तर सिगरेटच हत्यार होते, तिच्यातून छोटा अग्निबाण सुटतो. पटकथा लिहिणाऱ्याला सिगरेट इतकी कामाची होती, हे मान्य केलंच पाहिजे. अनोळखी माणसाजवळ जायचं निमित्त, हातांना चाळा, संवादात थांबायला जागा, हे सगळं एका कांडीत मिळायचं.

आता माझं काम. मी मिरजेत स्पीच थेरपिस्ट आहे. कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, त्यांना पुन्हा बोलायला शिकवते. या ऑपरेशननंतर माणूस नाकातोंडातून श्वास घेऊ शकत नाही. गळ्याच्या तळाशी कायमचं भोक असतं, श्वास तिथून चालतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत सिलिकॉनचा छोटासा व्हॉल्व्ह बसवतात. बोलायचं झालं की भोकावर अंगठा दाबायचा. मग फुफ्फुसातली हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत शिरते, तिथली भिंत थरथरते आणि जाड, खरखरीत आवाज निघतो. व्हॉल्व्ह रोज बारीक ब्रशने साफ करावा लागतो, काही महिन्यांनी बदलावा लागतो. ज्यांना तो खर्च झेपत नाही, ते गळ्याला बॅटरीचं मशीन लावून बोलतात. श्वास नाकावाटे जात नसल्यामुळे वासही जवळजवळ जातो. आंघोळ करताना भोकात पाणी जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

सुरुवातीला आम्ही ‘आ’ काढून घेतो, मग आकडे. पण बहुतेकांना घाई असते ती स्वतःचं नाव उच्चारण्याची. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त एस.टी. ड्रायव्हर माझ्याकडे येत. त्यांचं नाव बदलून सांगते, पण पहिलं अक्षर तेच ठेवते : हणमंतराव. नेमका ‘ह’ हा वर्ण स्वरयंत्रातच तयार होतो. ते काढल्यावर ‘ह’ येणार कुठून? हणमंतराव अंगठा दाबायचे, जोर लावायचे आणि आवाज यायचा ‘णमंत’. जिभेचा मागचा भाग वर नेऊन हवा किंचित घासली, की ‘ह’चा भास होतो, ते आम्ही घोटत होतो. शेजारी बसलेल्या काकू दर वेळी मान हलवून सांगायच्या, “नाही आला.” एकदा मी विचारलं, बिडी कधी लागली? त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हम दोनो’. मी विचारलं, म्हणजे? त्याखाली लिहिलं, ‘जत्रेतला तंबू. देव आनंद. लायटर.’ लायटर विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून बिडी आणि काडेपेटी.

एका चित्रपटामुळे हणमंतरावांना कॅन्सर झाला, असं मी म्हणणार नाही. त्यांचे वडील बिडी ओढत, डेपोतले सगळे ओढत. पण पहिली बिडी ओढावीशी का वाटली, याचं उत्तर त्यांना म्हातारपणीही लख्ख आठवत होतं आणि ते पडद्यावरचं होतं. हा काही एकट्या मिरजेतल्या माणसाचा अनुभव नव्हे. चित्रपटातलं धूम्रपान पाहणं आणि कोवळ्या वयात धूम्रपान सुरू होणं यांत कार्यकारणसंबंध आहे, असा स्पष्ट निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २०१२च्या अहवालात आहे.

यावर हमखास विचारलं जातं, बाँड माणसं मारतो, बेफाम गाडी चालवतो, दारू ढोसतो. ते चालतं, मग सिगरेटच का नको? दारूचा मुद्दा मला पटतो, त्यावर वेगळं लिहायला हवं. पण वॉल्थर पिस्तूल किंवा ॲस्टन मार्टिन अकरावीतल्या पोराच्या हाती लागत नाही. थिएटरमधून बाहेर पडल्यावर दहा पावलांवर टपरी असते. महाराष्ट्र सरकारने सुट्या सिगरेटी विकायला सप्टेंबर २०२०मध्ये बंदी घातली, तरी त्या मिळतात. बाँडच्या सगळ्या ऐटीतली एवढी एकच गोष्ट त्या पोराला त्याच संध्याकाळी परवडते.

दुसरा आक्षेप मूळ पुस्तकांचा. इयन फ्लेमिंगचा बाँड सिगरेट ओढतोच. मग ती काढून टाकणं हा लेखकाशी द्रोह नाही का? ज्यांना असं वाटतं, त्यांनी पुस्तकं पुन्हा उघडावीत. १९५३च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये बाँड दिवसातली सत्तरावी सिगरेट पेटवतो. मोरलँड कंपनीची, तीन सोनेरी पट्ट्यांची. फ्लेमिंगही मोरलँडच्याच ओढायचे. पण १९६१च्या ‘थंडरबॉल’च्या सुरुवातीलाच बाँडचा वैद्यकीय अहवाल येतो. दिवसाला साठ सिगरेटी, रक्तदाब १६०/९०, डोकेदुखी. त्याचे साहेब त्याला तो अहवाल वाचून दाखवतात आणि निसर्गोपचाराला धाडतात. फ्लेमिंगना हे सुचायला फार लांब जावं लागलं नसेल. त्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला आणि १२ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या ५६व्या वर्षी, ते हृदयविकारानेच गेले. कागदावरच्या बाँडचं शरीर सिगरेटीची किंमत मोजत होतं. पडद्याने सिगरेट ठेवली आणि शरीर गाळलं. पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं असेल, तर तो अहवालही पडद्यावर यायला हवा.

पडद्यावरची सिगरेट नेहमी दिग्दर्शकाच्या मनातूनच येते असंही नाही. १९८९च्या ‘लायसन्स टू किल’मध्ये लार्क सिगरेटचं पाकीट दिसतं, त्यात स्फोटकाचा डिटोनेटर दडवलेला असतो. ते पाकीट दिसावं म्हणून फिलिप मॉरिस कंपनीने साडेतीन लाख डॉलर मोजले होते. बोभाटा झाला, आणि चित्रपटाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत धूम्रपानाबद्दलचा वैधानिक इशारा टाकावा लागला. सिल्व्हेस्टर स्टॅलनने पाच लाख डॉलरच्या बदल्यात पाच चित्रपटांत एका कंपनीची तंबाखू उत्पादनं वापरायचं १९८३च्या पत्रात कबूल केलं होतं. कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं पुढे खटल्यांमुळे उघडी पडली, म्हणून हे कळलं. कलावंताच्या स्वातंत्र्याची बाजू मीही घेते, पण हा इतिहास माहीत असताना सिगरेटला निव्वळ कलेची गरज कसं म्हणू?

आणि गरज कसली? १९९७च्या ‘टुमॉरो नेव्हर डाइज’मध्ये पिअर्स ब्रॉस्ननचा बाँड सिगरेट ओढणाऱ्या पहारेकऱ्याला लोळवतो आणि या सवयीला घाणेरडी म्हणतो. २००२मध्ये क्यूबात त्याने ओढला तो सिगार. पुढे डॅनियल क्रेगने २००६ ते २०२१ पाच चित्रपट केले, एकदाही सिगरेट पेटवली नाही. त्याचा बाँड कुणाला मिळमिळीत वाटला? मला तर सगळ्या बाँडांमध्ये तोच खरा जखमी होणारा, थकणारा माणूस वाटला.

पडद्यावर धूर दिसूच नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ सत्तरच्या दशकातल्या लंडनची गोष्ट सांगतो. त्या खोल्यांत धूर नसता तर ते खोटं दिसलं असतं. ‘स्लो हॉर्सेस’मधला गॅरी ओल्डमनचा जॅक्सन लॅम्ब आजच्या काळातला हेर आहे आणि सतत सिगरेट ओढतो. त्याचे केस तेलकट, मोज्यांना भोकं. त्याच्याकडे पाहून कुठल्याच मुलाला त्याच्यासारखं व्हावंसं वाटणार नाही. तिथे सिगरेट त्या माणसाची पडझड सांगते. मला भीती आहे ती रुबाबाची, डिनर जॅकेटमधल्या धुराची.

म्हणूनच सरसकट बंदी मला मान्य नाही. २००५ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पडद्यावरच्या धूम्रपानावर बंदी आणली, महेश भट्ट कोर्टात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये ती रद्द केली. योग्यच केलं. नंतर २०१२पासून आली ती इशाऱ्याची पट्टी. वुडी ॲलनने तिच्यापायी २०१३मध्ये ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात लावलाच नाही. सप्टेंबर २०२३पासून ओटीटीवरही ती बंधनकारक आहे. या नियमांतून थिएटरात आलेली मुकेशची चित्रफीत मात्र मला मोलाची वाटते. भुसावळचा, चोविसाव्या वर्षी गेलेला मुलगा पडद्यावरून थेट आपल्याशी बोलतो, गुटख्याने आपलं काय केलं ते सांगतो. पट्टीचं तसं नाही. पडदाभर नायकाचा चेहरा आणि पायाशी बारीक अक्षरं, यांत कोण जिंकतं हे कुणीही सांगेल. हा निर्णय लिहिण्याच्या टेबलावर व्हायला हवा, म्हणून मी नाइट यांच्याकडून अपेक्षा धरते.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पडद्यावरच्या सिगरेटीएवढीच काळजी पडद्याबाहेरच्या नायकाची करायला हवी. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ओढणारे जेमतेम चार टक्के. बाकीचे चघळणारे, दाताला लावणारे. आणि २०१६ साली भारतभर पान बहारच्या जाहिरातींत झळकला कोण, तर सिगरेटीला घाणेरडी सवय म्हणणारा तोच बाँड, पिअर्स ब्रॉस्नन. कंपनीचं म्हणणं होतं, यात तंबाखू नाही. सुपारी मात्र स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्येच जाहीर केलं होतं. ब्रॉस्ननने, आपल्याला हे मुखशुद्धीचं उत्पादन म्हणून सांगितलं गेलं, असा खुलासा करून माफी मागितली. त्याची पहिली पत्नी आणि मुलगी दोघीही कर्करोगाने गेल्या होत्या. मला ती माफी खरी वाटली.

आपल्याकडच्या हेरांचं काय? ‘बेबी’मध्ये देशासाठी लढणाऱ्या अक्षय कुमारने एप्रिल २०२२मध्ये विमल वेलचीची जाहिरात केली, लोक संतापले तेव्हा काही दिवसांत माफी मागून तो बाहेर पडला. ‘पठाण’ शाहरुख खान त्याच वेलचीच्या जाहिरातीत होता. वेलचीच्या आडून कुठलं नाव लक्षात ठेवायला लावतात, हे टपरीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. हेरपटांचे निर्माते नटाबरोबर वर्षानुवर्षांचे करार करतात. त्या करारात एक कलम घालावं : ही भूमिका करत असेपर्यंत पान मसाला, किंवा त्याच नावाची वेलची, सोडा, काहीही विकणार नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, कोर्टात जावं लागत नाही. निर्मात्याची आणि नटाची सही पुरते.