विश्लेषण : मोबाइलवरील सांघिक खेळातून तरुण खरेच शिकतात का?

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि मनोरंजन व कौशल्यविकासासाठीच्या ‘ऑनलाइन सोशल गेम्स’ना वाट मोकळी ठेवली. त्यामुळे तरुणांच्या हातातील मोबाइलवर शिकवणारे खेळ कितपत उपयोगी ठरतील, हा प्रश्न नव्याने समोर आला आहे.

सांघिक शैक्षणिक खेळ म्हणजे काय?

झटपट उत्तरे देऊन गुण मिळवणे, ही झाली प्रश्नमंजूषा. सांघिक खेळात प्रत्येकाकडे माहितीचा वेगळा तुकडा असतो आणि ते जोडल्याशिवाय कोडे सुटत नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट आरॉन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथील शाळांत ‘जिगसॉ’ पद्धत वापरली. तिचे सूत्र हेच होते.

असे प्रयोग कुठे झाले?

अमेरिकेतील ‘एमआयटी’ने ‘एन्व्हायर्नमेंटल डिटेक्टिव्ज’ हा खेळ तयार केला. जीपीएस असलेला छोटा संगणक घेऊन विद्यार्थी परिसरात फिरत. भूजलात विषारी रसायन मिसळल्याची कल्पित घटना त्यांना उलगडायची असे. वेळ मर्यादित असल्याने तज्ज्ञांशी आभासी मुलाखती घ्यायच्या की पाण्याचे नमुने, हे गटाला ठरवावे लागे. नेदरलँड्समध्ये २००५ साली ‘फ्रिक्वेन्सी १५५०’ हा खेळ आला. त्यात गटातील काही विद्यार्थी मोबाइल घेऊन अ‍ॅमस्टरडॅममध्ये फिरत, तर उरलेले मुख्यालयातून त्यांना दिशा देत. विषय होता मध्ययुगीन शहराचा इतिहास.

निष्कर्ष काय निघाले?

‘फ्रिक्वेन्सी १५५०’चा अभ्यास पाच शाळांतील ४५८ विद्यार्थ्यांवर झाला. खेळलेल्या वर्गांना नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या वर्गांपेक्षा शहराच्या इतिहासाची अधिक माहिती झाली. मात्र इतिहास विषयाची गोडी वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे खेळ आवडला की विषयही आवडेल, हे गृहीत धरता येत नाही.

भारतात अडचण कोणती?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळाधारित डिजिटल साहित्य अनेक भाषांत तयार करण्याचा उल्लेख आहे. पण मोबाइल कोणाच्या हातात आहे, हा खरा मुद्दा आहे. ‘असर २०२३’ पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची माहिती घेण्यात आली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वत:चा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्केच होते. प्रत्येकाने आपापल्या फोनवर खेळायचा खेळ आणला, तर मुलीच आधी मागे पडतील.

मग उपाय काय?

एका गटाला एक फोन पुरेल आणि तो आळीपाळीने हाताळावाच लागेल, अशी खेळाची रचना करता येते. अन्यथा फोनचा मालक खेळतो आणि बाकीचे बघत बसतात. खेळ कमी इंटरनेटवर चालणारा आणि मराठीसारख्या स्थानिक भाषेत हवा. खेळ संपल्यावर शिक्षकांनी चर्चा घेणेही तितकेच गरजेचे आहे. कोणता निर्णय का चुकला, हे विद्यार्थी एकमेकांना समजावून सांगतात, तेव्हा खेळातील माहिती पक्की होते. महाविद्यालये आणि आयटीआयमध्ये असे खेळ आणताना अ‍ॅपच्या खर्चाबरोबरच या तासाचीही वेळापत्रकात तरतूद करावी लागेल.