फ्रेमवर्कच्या आधी ब्राउझर

वेब डेव्हलपमेंट शिकायला निघालेल्या मुलामुलींसमोर पहिल्याच दिवशी नावांची लांबलचक यादी येते : रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू, नोड, मोंगोडीबी, टेलविंड. ‘काही महिन्यांत फुल स्टॅक डेव्हलपर’ करून देणाऱ्या क्लासच्या जाहिराती हीच यादी मिरवतात आणि यूट्यूबवरचे ‘रोडमॅप’ही तिच्याभोवतीच फिरतात. मग यातलं नेमकं काय निवडायचं, या काथ्याकुटातच शिकणाऱ्याचा पहिला उत्साह संपून जातो. माझं म्हणणं असं की, नवख्याने सुरुवातीचे काही महिने या यादीकडे वळूच नये. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या तीन भाषा, कोड लिहायला एक साधा एडिटर आणि पान पाहायला ब्राउझर, एवढ्यावर आधी हात बसवावा. हा सल्ला जुन्या वळणाचा वाटेल, पण वेबचा आजवरचा इतिहास त्याच्याच बाजूने साक्ष देतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१च्या दरम्यान वेबची उभारणी केली. सर्नच्या पहिल्या संकेतस्थळाची जतन केलेली १९९२ची प्रत आजच्या मोबाइलवरही उघडते आणि नीट वाचता येते. पानाची मांडणी सांगणाऱ्या सीएसएसचं पहिलं प्रमाणित रूप १९९६चं, तर जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५मध्ये लिहिली. एचटीएमएलसकट या तिन्ही भाषांमध्ये पुढे पुष्कळ भर पडली, पण जुनी पानं मोडू नयेत हे पथ्य ब्राउझर बनवणाऱ्यांनी बहुतांशी पाळलं. याउलट एके काळी प्रत्येक क्लासमध्ये शिकवल्या जाणाऱ्या फ्लॅशला अडोबीने २०२०च्या अखेरीस मूठमाती दिली. गूगलचं अँग्युलरजेएस २०१०मध्ये आलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीची २०१६मध्ये इतकी फेरमांडणी झाली की जुना कोड तिच्यात जसाच्या तसा चालेना, आणि २०२१ संपताना मूळ आवृत्तीचा अधिकृत आधारही थांबला. जावास्क्रिप्टची जेक्वेरी ही लायब्ररी शिकल्याशिवाय नोकरी नाही, असंही एके काळी सांगितलं जाई. साधनं येतात आणि जातात, त्यांच्या खालच्या तीन भाषा मात्र टिकून राहतात.

फ्रेमवर्कने, म्हणजे रिॲक्ट-अँग्युलरसारख्या तयार सांगाड्याने, शिकण्याची सुरुवात केली की काय निसटतं, ते एका बटणावरून दाखवता येईल. ‘अर्ज पाठवा’ असं बटण हवं असेल तर एचटीएमएलमध्ये त्यासाठी ‘बटन’ हा टॅग आहे. पण ‘डिव्ह’ या नुसत्या चौकटीच्या टॅगला निळा रंग, गोलसर कडा आणि क्लिक झाल्यावर चालणारा कोड दिला तरी पडद्यावर हुबेहूब तसंच बटण दिसतं. माउसने दाबलं तर तेही काम करतं. माउस बाजूला ठेवून टॅब कळ दाबत गेलं की फरक कळतो. खऱ्या बटणावर फोकस येऊन थांबतो आणि एंटर दाबताच अर्ज जातो. चौकटीला मात्र फोकस वळसा घालून पुढे निघून जातो. अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरलाही ते बटण आहे हे कळत नाही. तीच गत पानाच्या भाषेची. ‘लँग’ या गुणधर्मात मराठीसाठी ‘एमआर’ अशी खूण केली नसेल, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या उच्चारांत वाचण्याची शक्यता असते. कोणतंही फ्रेमवर्क वापरलं तरी शेवटी ब्राउझरच्या हाती हेच टॅग पडतात. ते चुकीचे असतील तर वरची सगळी आधुनिकता वाया जाते.

ही चूक नवशिक्यांपुरती नाही. ‘वेबएम’ ही संस्था दर वर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. २०२४च्या तपासणीत ९५ टक्क्यांहून अधिक पानांवर अपंग व्यक्तींची अडचण करणारे दोष सापडले. त्यातले बहुतेक दोष सहाच प्रकारचे होते : फिकट अक्षरं, चित्रांना नसलेलं वर्णन, अर्जातल्या रकान्यांना नसलेली नावं, रिकाम्या लिंक, रिकामी बटणं आणि न सांगितलेली भाषा. यातला प्रत्येक दोष एचटीएमएल आणि सीएसएसच्या पहिल्या काही धड्यांतच दूर करता येण्याजोगा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्टच मागतात. मागतात, आणि ते शिकायलाच हवं. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. रिॲक्टचा कोड हा जावास्क्रिप्टचाच कोड असतो. फंक्शन, ॲरे, ऑब्जेक्ट आणि सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणारा कोड ज्याला कळतो, त्याला रिॲक्ट समजायला फार वेळ लागत नाही. ज्याला हे कळत नाही, त्याला आपली चूक जावास्क्रिप्टमध्ये आहे की रिॲक्टमध्ये, हेच उमगत नाही. दुसरा आक्षेप नवा आहे : कोड आता एआय लिहितं, मग पाया कशाला? पण एआयने लिहिलेल्या पानात बटणाच्या जागी चौकट असली तर ती ओळखणार कोण? तपासणाऱ्याला विषय कळत नसेल, तर कोड लिहिण्याचा वेग वाढेल तसतशा चुकाही वाढतील. तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, आणि एमडीएन या संकेतस्थळासारखा वेबच्या भाषांचा उत्तम मोफत संदर्भ मराठीत नाही. मात्र याच मुलांसाठी तीन भाषांची वाट सोपी आहे. रोजच्या कामात लागणारे एचटीएमएल टॅग वीस-पंचवीस असतात आणि लिहिलेल्याचा परिणाम ब्राउझर लगेच दाखवतो. पाच साधनांची इंग्रजी कागदपत्रं एकदम वाचण्यापेक्षा हे नक्कीच झेपणारं आहे.

म्हणून शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. आपल्या गावच्या वाचनालयाचं एक मराठी पान कोणत्याही फ्रेमवर्कशिवाय तयार करा. त्यात पुस्तकांची यादी, शोधण्याची सोय आणि सभासदत्वाचा अर्ज असू द्या. पानाची भाषा नोंदवा, मोबाइलच्या रुंदीत ते नीट बसवा आणि माउसला हात न लावता सगळा अर्ज भरून पाहा. अडेल तिथे एफ-१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा आणि चूक स्वतः शोधा. असं एक पान स्वतःच्या हिमतीवर उभं राहिलं की खुशाल रिॲक्टकडे वळा. त्या आधी मात्र नको.