कॅथलिक कोण, सी.एन.आय. कोण?



भावसिंगपुऱ्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या बहिणीच्या मुलीला जालन्याकडचे स्थळ आले. मुलगा नोकरीला आहे, निर्व्यसनी आहे, मुलीला पसंत आहे. घर मात्र ख्रिस्ती. त्यातही मुलाचे वडील कॅथलिक आणि आई सी.एन.आय.ची. भगिनी विचारतात, "ख्रिश्चन म्हणजे ख्रिश्चन. त्यात पुन्हा हे दोन प्रकार कसले? आणि आमच्या मुलीने कोणाचे ऐकायचे?"

प्रश्न रास्त आहे आणि तो परक्यांविषयीचा नाही. मराठवाड्यातला आणि नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज पुष्कळसा पूर्वीच्या महार-मांग वस्त्यांतूनच उभा राहिला. एकाच आज्याची नातवंडे. एक शाखा १९५६ नंतर धम्मात आली, दुसरी तिच्या कितीतरी आधी चर्चमध्ये गेलेली. आडनाव तेच, गाव तेच, फक्त रविवारची वाट वेगळी. तेव्हा भावकीत काय चालते हे आपल्याला माहीत असायला हरकत नाही.

पंथांचे मूळ भांडण युरोपातले. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने रोमच्या पोपच्या कारभाराविरुद्ध आवाज उठवला. जे पोपकडे राहिले ते कॅथलिक, जे फुटले ते प्रॉटेस्टंट. फुटलेल्यांत पुन्हा इंग्लंडचे अँग्लिकन, स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, शिवाय काँग्रिगेशनल, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट अशा शाखा झाल्या. (आम्ही रिपब्लिकनांनी फाटाफुटीवरून कोणाला हसू नये, एवढे इथेच सांगून टाकतो.)

पण आपल्याकडच्या माणसाने हा वाद वाचून पंथ निवडला असे समजू नका. त्याच्या गावात ज्या मिशनचा माणूस आधी आला, तो त्याचा पंथ झाला. नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आले. ते काँग्रिगेशनल, म्हणून नगरची जुनी मंडळी काँग्रिगेशनल. जालन्याला नारायण शेषाद्री आले. जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून बाप्तिस्मा घेतलेले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गावच वसवले. म्हणून जालना प्रेस्बिटेरियन. आपल्या शहरात रतनजी नवरोजी नावाचे, पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले पाद्री इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम करीत होते. म्हणून इथला जुना प्रॉटेस्टंट अँग्लिकन. वैजापूर तालुक्यात घोगरगावाकडे फ्रान्समधून आलेले फादर काम करीत होते, तिकडचा माणूस कॅथलिक. दोन गावांत चार कोसांचे अंतर, आणि एकाचा धर्मगुरू स्कॉटलंडच्या शिस्तीचा तर दुसऱ्याचा रोमच्या! नगरला तर १८७० च्या दशकात अँग्लिकनांची दुसरी मिशन आली आणि अमेरिकन मिशनमधली काही माणसे तिकडे गेली. ती बायबलमधल्या एखाद्या वचनावरून गेली असतील, असे निदान आम्हाला वाटत नाही.

आता फरक. आम्ही पडलो कारकून माणूस, त्यामुळे आमची नजर आधी कारभाराकडे जाते. सही कोणाची चालते, हा पहिला प्रश्न. अँग्लिकनांत बिशपची. प्रेस्बिटेरियनांत निवडलेल्या वडीलजनांच्या सभेची, म्हणजे आपल्या पंच कमिटीसारखी. काँग्रिगेशनल पद्धतीत वर कोणी साहेबच नाही, प्रत्येक मंडळी आपल्यापुरते ठरवते. कॅथलिकांत अखेरचा शब्द रोमचा. बिशप पोप नेमतो. आपल्या शहराचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली झाला, तोही रोमच्याच हुकमाने.

सी.एन.आय. म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. नाव नॉर्थ इंडिया असले तरी त्याचा जन्म नागपूरचा, २९ नोव्हेंबर १९७०. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे एकत्र झालेले मंडळ, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट, बॅप्टिस्टांचा एक भाग, ब्रदरन आणि डिसायपल्स असे सहा जण एका छताखाली आले. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे एकी व्हायला एक्केचाळीस वर्षे लागली. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट अगदी ऐनवेळी बाहेर पडले. ते आजही वेगळे आहेत. बीदरकडे तुमचे पाहुणे असतील तर ते बहुधा हेच मेथॉडिस्ट.

या एकीची तडजोड पाहण्यासारखी आहे. बिशप ठेवला, पण वडीलजन आणि मंडळीचा अधिकारही ठेवला. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसालाच, यावर युरोपात माणसे मेली. इथे दोन्ही रीती मान्य केल्या, ज्याला जी पटेल ती. म्हणून नगर, जालना आणि आपली छावणी, तिन्हीकडची जुनी प्रॉटेस्टंट मंडळी आज एका नावाखाली दिसतात. मात्र जमीन-जुमला आला की एकी अवघड होते. गुजरातमध्ये ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल सी.एन.आय.च्या विरोधात लागला. त्रेचाळीस वर्षांनी!

चर्चच्या दारात उभे राहून ओळखायचे असेल तर सोपे आहे. क्रूसावर येशूची मूर्ती, शेजारी मरियामाता, संतांचे पुतळे, मेणबत्त्या दिसल्या तर कॅथलिक. साधा मोकळा क्रूस असेल तर बहुधा प्रॉटेस्टंट. कॅथलिक फादर अविवाहित असतात. सी.एन.आय.चे पाळक संसारी असतात, आणि स्त्रियांनाही ते पद मिळते. कॅथलिकांत सात संस्कार, त्यात फादरपुढे पाप कबूल करणे आले. प्रॉटेस्टंट मुख्य मानतात ते दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बायबलसुद्धा सारखे नाही. कॅथलिकांचे त्र्याहत्तर पुस्तकांचे, प्रॉटेस्टंटांचे सहासष्टांचे. प्रभुभोजनाची भाकर कॅथलिकांच्या मते खरोखर येशूचे शरीर होते. प्रॉटेस्टंटांत कोणी तिला केवळ आठवण मानतो, तर कोणी येशू तिथे आत्म्याने हजर असतो म्हणतो. म्हणून लग्नाकार्याला कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर भाकर घेण्याच्या रांगेत उठू नका, बाकावर बसून राहा. त्यात तुमचाही अपमान नाही, त्यांचाही नाही.

मुक्तिफौजेची गोष्ट तर आणखी निराळी. नगरच्या त्यांच्या बूथ हॉस्पिटलात आपल्यातले पुष्कळ जण दाखल झाले असतील. गणवेश घालणारी, फौजेसारखे हुद्दे असलेली ही मंडळी बाप्तिस्माही देत नाहीत आणि प्रभुभोजनही करीत नाहीत. तरी ख्रिस्तीच!

या भिंती आपल्या मराठी माणसांनाही काचल्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच दिवसांत त्या तिथल्या धर्मभगिनींशी वाद घालू लागल्या, की मी पाद्र्यांची आज्ञा का मानायची? रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशन सोडून देवाचा दरबार काढला, कोणत्याही पंथाचा नसलेला.

आणि जात? आपल्या वाचकांचा खरा प्रश्न तोच असतो. कॅथलिक मिशनरी रॉबर्ट डी नोबिली सतराव्या शतकात मदुरेला ब्राह्मण संन्याशासारखा राहिला आणि त्या परंपरेत उच्चवर्णीय ख्रिस्ती वेगळे, अस्पृश्य ख्रिस्ती वेगळे, असे चालू दिले गेले. अँग्लिकन बिशप विल्सन याने १८३३ साली चर्चमधली जात ताबडतोब सोडा, असा हुकूम काढला. कागदावर फरक मोठा आहे. प्रत्यक्षात जात दोन्हीकडे उरली, आणि बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर लिहिताना कोणत्याच पंथाला मोकळे सोडलेले नाही.

अलीकडे वस्त्यांतून पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना भरतात, आजार बरे होण्यासाठी हात ठेवतात. आपल्याही बाया जातात. ही मंडळी बहुधा पेंटेकॉस्टल वळणाची. हा प्रवाह विसाव्या शतकातला, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेली जागृती त्याच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक मानली जाते. ते तान्हेपणीचा बाप्तिस्मा मानीत नाहीत, पाण्यात बुडवून नव्याने देतात. पुष्कळ ठिकाणी पाळक स्वतंत्र असतो, वर बिशप नाही, सभा नाही. औषध बंद करा असे कोणी सांगितले तर तक्रार न्यायची कोणाकडे? हिशेब कोण तपासतो? आमच्या मते तिथे जाणाऱ्याने हे आधी विचारावे. आणि तिथे ऐकलेले सगळ्या ख्रिस्त्यांचे मत समजू नये. छावणीतल्या जुन्या सी.एन.आय. माणसालाही त्यातले पुष्कळसे पटत नाही.

आता भगिनींच्या भाचीविषयी. मुलाचा बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये झाला, हे पहिल्यांदा विचारा. आई-वडिलांच्या पंथापेक्षा ते महत्त्वाचे. तो कॅथलिक असेल तर बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी चर्चमध्ये लग्न करायला बिशपची परवानगी लागते. ती मिळाली तर मुलीला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. मात्र मुले कॅथलिक वाढवण्यासाठी झटेन, असे वचन मुलाकडून घेतात आणि ते मुलीला आधी कळवतात. ते तिला मान्य आहे का, हे आताच बोलून घ्या, बाळ पाळण्यात असताना नको. मुलगा सी.एन.आय.चा असेल तर तिथल्या पाळकांना भेटून त्यांचा नियम विचारा.

मुलीने बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर मात्र पंथ कोणताही असो, अनुसूचित जातीची सवलत जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आलेले नाहीत. तहसील कचेरीत कॅथलिक आणि सी.एन.आय. असा रकाना नसतो. दोघांनी आपापला धर्म ठेवायचा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात त्याआधी निदान तीस दिवस राहत असला पाहिजे. म्हणून हॉलची तारीख त्यानंतर धरा. वयाचे, रहिवासाचे कागद आणि तीन साक्षीदार लागतील.