चेहरा आणि मन

२०२० साली ‘इस्रो’ने ‘व्योममित्र’ हा यंत्रमानव दाखविला. त्याला पाय नाहीत, पण चेहरा बाईचा. म्हणून आपण लगेच ‘ती’ म्हणू लागलो. वर्गात एकाने विचारले, “एकटीला तिकडे भीती वाटेल का?” अग्निबाणाविषयी असे कोणी विचारीत नाही! जपानच्या मासाहिरो मोरींनी १९७० सालीच लिहिले, की यंत्र माणसासारखे दिसू लागले की आपुलकी वाटते. जवळजवळ माणूसच भासले की भय. भावना आपल्याच!

माणसांनाही आपण असेच वाचतो. माझी आई कॅम्प चारमध्ये दिवसभर मान वाकवून जीन्सचे धागे कापते. तिचा ओढलेला चेहरा पाहून शेजारी तिला तापट म्हणतात. मित्रहो, यंत्राला मन विचारता येत नाही. आईला ‘दमलीस का?’ एवढे विचारता येते. आजवर मीही विचारले नव्हते.