घंटी मागून वाजली, तर?

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांच्या घोळक्यांतूनच सायकली जातात. मागून घंटी वाजली की चालणारा दचकतो आणि नेमके सायकलीच्या वाटेतच पाऊल टाकतो. मग भांडण! "कान नाहीत का?" "डोळे नाहीत का?"

दोष कानांचा नाही. आवाज डावीकडून आला, तर डाव्या कानाला तो आधी पोचतो. फार तर सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी सहा-सात भाग आधी. तेवढ्यावरून मेंदू बाजू ओळखतो. पण घंटी बरोबर पाठीमागे वाजली, तर आवाज दोन्ही कानांना एकदमच पोचतो. मग सायकल कोणत्या बाजूने निघणार, हे कळावे कसे?

आता सायकलस्वाराचे पाहा. ताशी 15 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 4 मीटर. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, पुढे थांबायला आणखी तीनेक मीटर लागतात. झाले सात मीटर. पावसात रिम ओली असली तर अधिकच. आणि आपण घंटी वाजवतो दोन मीटरांवर येऊन!

म्हणून माझ्या मते जास्त जबाबदारी सायकलस्वाराची. घंटी पंधरा मीटरांवरूनच वाजवा, वेगही तिथेच कमी करा. धुळ्याच्या आग्रा रोडवर, लोटगाड्यांच्या गर्दीत, सरळ उतरून सायकल हातात धरा. त्यात कमीपणा कसला? चालणाऱ्यांनीही चौघांनी मिळून रस्ता अडवू नये, कानांत इअरफोन तर नकोच. घंटी ऐकलीत, तरी आहात त्याच रेषेत चाला.

पटत नसेल, तर शाळेच्या मैदानावर मित्राचे डोळे बांधा, मान स्थिर ठेवायला सांगा, आणि कधी बरोबर समोर, कधी बरोबर मागे घंटी वाजवून पाहा. तो किती वेळा चुकतो, ते मोजा.