यंत्राचा डोळा आणि पंचाचा विवेक

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण मराठी माणसाने केवळ गावच्या चावडीसाठी घडवली नाही. आखाड्यातही तिचाच अंमल चालत आला. पंचाने हात वर केला की निकाल लागला, आणि हरलेल्या मल्लाने जिंकणाऱ्याला आलिंगन देऊन खाली उतरायचे, ही लाल मातीची रीत. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत या रीतीला गेलेला तडा साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहा, असा राक्षे याचा आग्रह होता. वाद विकोपाला गेला आणि हा किताब पूर्वी जिंकलेल्या मल्लाने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीतही वाद झाला आणि महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली.

पंचावर पाय उगारण्याचे समर्थन कोणीही विचारी माणूस करणार नाही. परंतु बेशिस्तीला शिक्षा झाल्याने मूळ प्रश्न मिटत नाही. खांदे टेकले होते की नव्हते? ज्या देशात चहाच्या टपरीवरचा व्यवहारही मोबाइलने होतो, तेथे मल्लाची वर्षानुवर्षांची तपश्चर्या एका माणसाच्या एका क्षणाच्या नजरेवर का टांगलेली असावी? संगणकाला ‘पाहायला’ आणि पाहिलेले ‘ताडायला’ शिकवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आज जगभरच्या मैदानांवर उतरली आहे. तिचे स्वागत करावे की तिच्यापासून सावध राहावे, याचा विचार भावनेच्या भरात न करता स्वच्छ बुद्धीने केला पाहिजे.

त्यासाठी प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. पंचांचे निर्णय तीन कारणांनी चुकतात. नजर कमी पडते, नियम संदिग्ध असतो किंवा नियत खोटी असते. या तीन रोगांना एकच औषध लागू पडत नाही.

नजरेचा दोष

पहिल्या दोषावर यंत्राचा इलाज खात्रीचा आहे. जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटी भारतीय क्रीडारसिक विसरलेले नाहीत. अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर झेलबाद असूनही नाबाद ठरला आणि त्याने नाबाद १६२ धावा केल्या. राहुल द्रविडच्या बॅटला चेंडू न लागताच त्याला झेलबाद दिले गेले. भारत १२२ धावांनी हरला. त्याच वर्षी श्रीलंकेतील मालिकेत पंचांच्या निर्णयाच्या फेरविचाराची पद्धत प्रथम आजमावली गेली. गंमत अशी की, सिडनीत अन्याय सोसलेल्या भारतीय मंडळानेच पुढे अनेक वर्षे या पद्धतीला विरोध केला. चेंडूच्या मार्गाचे यंत्राने वर्तवलेले भाकीत विश्वासार्ह नाही, हा त्याचा आक्षेप होता. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपासून मंडळाने ती स्वीकारली. या हट्टाची त्या काळी चेष्टा झाली. परंतु परदेशातून आलेले यंत्र तपासल्याखेरीज प्रमाण मानायचे नाही, या वृत्तीत गैर काय होते? आजही पायचीतच्या निर्णयात चेंडू यष्टीला निसटता लागताना दिसला, तर मैदानावरील पंचाचाच निर्णय कायम राहतो. यंत्राने स्वतःची मर्यादा मान्य केल्याचेच हे उदाहरण आहे.

फुटबॉलमध्ये २०२२ च्या कतार विश्वचषकात ‘ऑफसाइड’साठी १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. चेंडूतला संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. मानवी डोळ्याची ही स्पर्धाच नव्हे. जिम्नॅस्टिक्समध्ये तर जपानच्या फुजित्सू कंपनीने आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सहकार्याने परीक्षकांना साह्य करणारी प्रणाली उभारली. २०१९ च्या स्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत ती काही साधनांवर वापरली गेली आणि २०२३ च्या अँटवर्प स्पर्धेत पुरुष व महिलांच्या मिळून दहाही साधनांवर पोहोचली. खेळाडूच्या सांध्यांचे कोन मोजून हालचाल कोणती, ती पुरी झाली की नाही, हे ती सांगते. या खेळाला तिची निकड होतीच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या यांग ताए-यंग याच्या एका कसरतीचे आरंभमूल्य दहाऐवजी ९.९ धरले गेले. एक दशांश गुणाच्या या चुकीने सुवर्णाच्या जागी त्याच्या हाती कांस्य आले. अशी चूक यंत्र सहसा करणार नाही.

नियमाचा दोष

दुसरा दोष मात्र कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरचा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातील कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीत असताना पवन सेहरावत चढाईसाठी गेला. कोणालाही स्पर्श न करता तो राखीव पट्ट्यात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे धावले. जुन्या नियमाने तेही बाद होत होते, नव्या नियमाने केवळ चढाईपटू. निर्णय फिरत राहिला, खेळाडू मैदानात ठाण मांडून बसले आणि सामना सुमारे तासभर थांबला. भारत अखेर ३३-२९ असा जिंकला. परंतु आपल्याच मातीतल्या खेळाची अशी शोभा परक्या भूमीवर व्हावी, हे भूषणावह नव्हते. तेथे काय घडले, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. नियम कोणता, हा वाद होता. संदिग्ध नियम यंत्राला शिकवला, तर ते संदिग्धताच अधिक वेगाने वाटत सुटेल. म्हणून यंत्र आणण्यापूर्वी नियम निःसंदिग्ध करणे ही क्रीडा संघटनांची पहिली जबाबदारी आहे. जिम्नॅस्टिक्सच्या नियमावलीत कोन अंशांत आणि स्थिरता सेकंदांत लिहिलेली आहे, म्हणूनच तेथे संगणक कामाला येऊ शकला.

नियतीचा नव्हे, नियतीतला खोट

तिसरा दोष सर्वांत घातक. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत ८६ ठोसे मारले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२. तरीही ३-२ अशा मतांनी सुवर्ण पार्कला मिळाले. उपाय म्हणून १९९२ पासून संगणक आला. पाचपैकी तीन परीक्षकांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली तरच गुण नोंदवायचा. झाले काय? कळ दाबणारी बोटे माणसांचीच राहिली. शिवाय स्पष्ट दिसणारे ठोसे तेवढे मोजले जाऊ लागल्याने मुष्टियुद्धाची शैलीच बदलली. अखेर २०१३ मध्ये ती पद्धत सोडून द्यावी लागली. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत आपल्या मणिपूरच्या सरिता देवीला उपांत्य लढतीत यजमान कोरियाच्या पार्क जी-ना हिच्याविरुद्ध पराभूत ठरवले गेले. तिने अश्रू ढाळत कांस्यपदक नाकारले, तर एक वर्षाची बंदी तिच्यावरच आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील मुष्टियुद्धाच्या निकालांत संगनमत होते, हे २०२१ मध्ये मॅकलारेन यांच्या स्वतंत्र चौकशीने उघड केले.

या रोगावर यंत्र निरुपयोगी आहे काय? तसे नाही. मात्र त्याचा उपयोग वेगळ्या जागी आहे. शेकडो लढतींचे गुणपत्रक एकत्र ठेवले, तर कोणता परीक्षक कोणत्या देशाच्या किंवा कोणत्या तालमीच्या खेळाडूला सातत्याने झुकते माप देतो, हे संगणक काढू शकतो. खेळाडूंवर नजर ठेवण्यापेक्षा पंचांच्या कारभाराचा असा जमाखर्च मांडण्यासाठी ही विद्या अधिक मोलाची आहे. पण जमाखर्च तपासून कारवाई करण्याचे धैर्य संघटनेकडे हवे. १९८६ मध्ये लाहोर येथील पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीसाठी व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच बोलावले गेले. यजमान देशाच्या पंचांवर पक्षपाताचे आरोप सतत होत, त्यावरचा हा उतारा होता. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नव्हते. लागली ती आपल्या सोयीचे पंच सोडून देण्याची तयारी.

यंत्रापुढे नतमस्तक होण्याचाही धोका आहेच. २०२५ मध्ये विम्बल्डनने रेषापंच काढून सर्व निर्णय यंत्राकडे सोपवले. पाव्ह्ल्युचेन्कोव्हा आणि कार्टाल यांच्या सामन्यात कोर्टाच्या एका बाजूची प्रणाली चालकाच्या हातून चुकून बंद पडली. चेंडू बाहेर पडल्याचे चित्रफितीत स्पष्ट दिसत होते, तरी पंचांनी तो गुण पुन्हा खेळवला. यंत्र गप्प बसले आणि माणूसही बोलला नाही. निर्णय घेण्याची सवय मोडली की अधिकार नुसता खुर्चीपुरता उरतो, तो असा.

आपल्या खेळांची मोजपट्टी आपल्या हाती

मग भारताने काय करावे? २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही आपण इच्छुक आहोत. संसदेने २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत करून क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. संघटनांचे तंटे त्याच्यापुढे जातील. परंतु मैदानावरील न्यायाची व्यवस्था खेळाच्या संघटनांनाच उभारावी लागेल. तिची सुरुवात आपल्या स्वतःच्या खेळांपासून व्हावी. आंतरराष्ट्रीय कुस्तीत चित्रफितीच्या आधारे आव्हान देण्याची सोय आहे, आणि आव्हान फसले तर गुणही गमवावा लागतो. मातीवर आणि गादीवर, जिल्हा पातळीपासून, चारही बाजूंनी कॅमेरे लावून चितपटीचा प्रत्येक निर्णय कारणासह प्रेक्षकांना दाखवणे आज अशक्य नाही. कबड्डी आणि खो-खोतील स्पर्शाचे वाद तर अशा पाहणीसाठीच जणू वाट पाहत आहेत.

मल्लखांब आणि योगासने यांच्याबाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेल्या मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर झाली. योगासनांना केंद्र सरकारने २०२० मध्ये स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. उद्या हे खेळ जगभर पसरतील आणि त्यांचे गुण यंत्रे देतील. त्या यंत्रांना उत्तम पकड कोणती, निर्दोष आसन कोणते, हे कोण शिकवणार? जो शिकवील, तोच खेळाची व्याख्या करील. पतंजलींनी आसनाच्या लक्षणात स्थैर्याबरोबर सुखही सांगितले आहे. स्थैर्य यंत्र मोजील. सुखाची जाण ज्या परंपरेला आहे, त्या परंपरेतील गुरूंनी आणि आपल्या अभियंत्यांनी एकत्र बसून ही मोजपट्टी घडवली नाही, तर आपल्याच विद्येचे गुण आपल्याला दुसऱ्याच्या पट्टीने मोजून घ्यावे लागतील. स्वदेशीचा आग्रह येथे भावनेचा नसून व्यवहाराचा आहे.

या सगळ्यानंतरही शेवटचा शब्द माणसाचाच राहील, आणि राहावा. रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवले, तेव्हा पुरावे पाहणारी नजर त्यांच्यापाशी होती. पण इतिहासाने त्यांना स्मरणात ठेवले ते निर्णय उच्चारण्याच्या निर्भयतेसाठी. कृत्रिम बुद्धिमत्ता पंचाला हजार डोळे देईल. सत्ताधीश, यजमान आणि आपल्या तालमीचे वस्ताद समोर बसलेले असताना जे दिसले ते तसेच सांगण्याचा कणा तिला देता येणार नाही. तो घडवण्याचे काम पंचांच्या प्रशिक्षणात, संघटनांच्या स्वच्छ कारभारात आणि समाजाच्या संस्कारातच करावे लागेल. ते झाले, तर हरलेला मल्ल पुन्हा जिंकणाऱ्याला मिठी मारून मैदानातून उतरेल.