पडद्यावरचं आकाश आणि विजेचं बिल

एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी शिकायला परगावी गेली, तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला. जाताना तिने त्यावर 'आइन्स्टाइन ॲट होम' लावून दिलं. कॉम्प्युटर रिकामा असला की पडद्यावर आकाश फिरत राहतं. "पाहायला मला फार आवडतं, पण हे म्हणतात, वीज फुकट जाते. सासूबाई म्हणतात, काम मशीन करतंय, त्यात तुझं काय? बंद करून टाकू का?"

ताई, ते नुसतं शोभेचं चित्र नव्हे बरं का! दुर्बिणींनी टिपलेल्या नोंदींचे डोंगर साचलेले असतात. त्यांचे तुकडे करून जगभरच्या घरांतल्या रिकाम्या कॉम्प्युटरांकडे निवडायला पाठवतात. २००५ सालापासून हे चालू आहे. पडद्यावरचे जांभळे ठिपके म्हणजे पल्सर, गरगर फिरणारे मेलेले तारे. आणि जी खूण सरकताना दिसते ना, आकाशाच्या त्या भागाचा शोध त्या वेळी तुमच्या घरात चाललेला असतो.

आता सासूबाईंचा प्रश्न. २०१० साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स गावच्या एका नवराबायकोच्या कॉम्प्युटरने असाच एक तुकडा निवडता निवडता नवा पल्सर हुडकला. सेकंदाला ४१ गिरक्या घेणारा! वाण्याची बेरीज आपण घरी पुन्हा करून पाहतो, तसा प्रत्येक तुकडा दोघांकडे देतात. दुसरा होता जर्मनीतल्या माइन्झ गावी. नोंदी होत्या पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या. ती दुर्बीण २०२० च्या डिसेंबरात कोसळली. पण शोधाचं श्रेय देताना शास्त्रज्ञांनी या घरच्या माणसांना जाहीरपणे पुढे केलं. मशीन त्यांचं, वीज त्यांची, आणि ते चालू ठेवण्याची हौसही त्यांचीच. तेव्हा 'त्यात तुझं काय' हे मला काही पटत नाही.

तुमच्या अहोंचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही. कॉम्प्युटर जोरात राबताना शंभर वॅट जादा धरले, तर दहा तासांत एक युनिट, महिन्याला ३०. महिना शंभर युनिटांच्या आत बसत असेल तर वरच्या युनिटांना चढा दर लागतो, तो वेगळाच. म्हणून दिवसरात्र नको. 'बॉइंक' नावाच्या ज्या प्रोग्रॅममधून हे चालतं, त्यात कामाचे तास ठरवता येतात, किती जोर लावायचा तेही. दुपारचे दोन-तीन तास पुष्कळ झाले. पंख्याच्या जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा झटका, ऐन मे महिन्यात सुट्टी द्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तर परवानगीशिवाय असलं काही लावूच नये.

आणखी एक. जुन्या जाडजूड पडद्यांवर एकच चित्र राहिलं तर डाग पडायचा, म्हणून हलती चित्रं निघाली. हल्लीच्या चपट्या पडद्यांना त्याची गरज नाही, उलट चित्र काढण्यात वीजच जाते. दहा मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल असं करून ठेवा. आतलं काम चालूच राहतं.

ती दहा मिनिटं सासूबाईंना शेजारी बसवा. मृग आणि सप्तर्षी त्या तुमच्याआधी ओळखतील.